बारा पॉइंट सहा

देगलूर रोडला, टायरवाल्याच्या शेजारी आमचं दुकान.
पाटीवर अजून मैनोद्दीन बॅटरी वर्क्स,
खाली खडूनं मी लिहिलेलं:
लिथियम पण मिळेल.

गिऱ्हाईक विचारतं, ताई, चांगली कोणती हो?
मी म्हणते, बसा.

ही शिशाची. उचलून बघा, वजन कंबर सांगेल.
सहा घरं, घरटी दोन व्होल्ट,
आणि सहाही घरांना तहान.
उन्हाळ्यात महिनाभरात पाणी मागते,
तेही नळाचं चालत नाही.
आमच्या उदगिरात आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही
आणि ही बया डिस्टिल्ड पिणार.
रिकामी ठेवली की आतून पांढरी खपली धरते,
मग रात्रभर चार्जिंगला लावा, हूं की चूं नाही.
पण मेली तरी किलोवर जाते.
शिशाला मरण नाही, भंगारवाला आहे.

कॅडमियमची आता कुणी आणत नाही.
कपाटात एक आहे, जुन्या वायरलेसमधून निघालेली.
तिची खोड अशी की
रोज अर्धीच वापरली
तर अर्ध्यालाच पूर्ण समजायला लागते.
उस्ताद म्हणायचे, इसकू पूरा खाली करो, फिर भरो.
मी बारावी अर्ध्यात सोडून आले होते.
स्क्रू मोजत बसले.

पेन्सिल सेल, निकेलचे, शिवलिंग फोटोवाला नेतो.
लग्नाच्या आदल्या रात्री भरून ने, म्हणते त्याला,
तुळशीच्या लग्नाला भरलेले
माघात काढशील तर नवरीच्या तोंडावर अंधार.
कुणी हात न लावता ओसरतात ते, सवयच तशी.

आणि ही लिथियम. पिशवीत घालून न्या.
तहान नाही, जुनी याद नाही.
काठोकाठ भरून उन्हात टाकू नका,
तळ दिसेपर्यंत उपाशी मारू नका,
एवढंच.
फुगली तर टोचू मात्र नका, तशीच माझ्याकडं आणा,
वाळूची बादली त्याच्यासाठी आहे
आणि छताला तो काळा डाग
कशाचा ते विचारू नका.
तिचीच फॉस्फेटवाली बहीण थंड डोक्याची, वर्षानुवर्षं चालते,
पण शेवटच्या घटकेपर्यंत
व्होल्ट तेच दाखवते. मग बसते, एकदम.
रिक्षावाले तिला देव मानूलालेत.
मी विकते. मला जराशी भीतीच वाटते तिची.

एवढं ऐकून गिऱ्हाईक
स्वस्तातली घेतं.

मागच्या वर्षी उस्तादांना लातूरला नेलं.
डाव्या छातीत, कातडीखाली,
काडीपेटीएवढं मशीन बसवलं.
शुद्धीवर आल्यावर पहिला सवाल,
डाक्टरसाब, चार्जिंग का पिन किधर है?
डॉक्टर हसले. ही भरायची नसते, चाचा.
आठ वर्षं, दहा वर्षं, मग नवीन.
जीपमध्ये नळेगाव येईपर्यंत उस्ताद गप्प.
चाळीस वर्षं
लोकांनी मेल्या म्हणून टाकलेल्या बॅटऱ्या
या माणसानं उठवून बसवल्या.
मग म्हणाले, महानंदा, एकबारवाली डाले रे मेरेकू.

आता चारला येतात. स्टुलावर बसतात.
ते आले की मी स्पॉट वेल्डर बंद करते,
स्पीकरचं लोहचुंबक पलीकडं सरकवते.
नाक अजून शाबूत:
तीन नंबर का घर उबल रा, देख.
आणि खरंच उकळत असतं.

काल लाइट गेली होती. गिऱ्हाईक नव्हतं.
शर्टाची दोन बटणं काढून म्हणाले,
मीटर ला.
मी हसले. ते हसले नाहीत.
शिवणीच्या एका बाजूला लाल, एका बाजूला काळी,
दोन्ही वायरी हलक्या हातानं टेकवल्या.
काट्यानं शून्य सोडलं नाही.
कित्ता आया?
बारा पॉइंट सहा, उस्ताद.
झूटी, म्हणाले. बटणं लावली.
खाली कायकू देख री, लोड लगा को देख,
आणि उठून सरळ
कोपऱ्यातली ट्रॅक्टरची बॅटरी उचलायला वाकले.

मी धावत जाऊन
दुसरीकडची कडी धरली.